लाज तीच, १९३४ ची!

१९२७ मध्ये र. धों. कर्वेंनी मुंबईत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. वाचक लैंगिक शंका लिहून पाठवायचे, कर्वे उत्तरं छापायचे. १९३४ मध्ये त्या उत्तरांवरूनच अश्लीलतेचा खटला चालला. कर्वेंचे वकील होते डॉ. आंबेडकर. केस हरले.

पुढच्याच वर्षी युरोपात शास्त्रज्ञांनी टेस्टोस्टेरॉन वेगळं काढलं. आज ते साध्या रक्ततपासणीत मोजता येतं. तरी आमच्या बोरीत अजून कुणी विचारत नाही. सतत थकवा, इच्छा कमी, सकाळची ताठरता कमी, की पोरं गपचूप 'ताकदीची' पावडर आणतात.

त्यापेक्षा डॉक्टरांना सांगा. तपासणी सकाळी, उपाशीपोटी. कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. स्वतःच्या मनानं इंजेक्शन घेऊ नका, शुक्राणू घटतात.

कर्वेंना लोक पत्रं तरी लिहायचे. तुम्ही निदान डॉक्टरांशी बोला!