राज्यसभेचे आसन कोणाचे?

१/ वसई-विरारचा मतदार पालघरचा खासदार थेट निवडतो. राज्यसभेतील महाराष्ट्राच्या १९ जागा येथील आमदारांच्या मतांनी भरतात. राज्यसभेचा सभापती ठरताना मात्र मतदाराला मत नसते, आणि आमदारालाही नसते. भारताचा उपराष्ट्रपती हाच पदसिद्ध सभापती असतो आणि त्याला संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य निवडतात. ही व्यवस्था कशी घडली?

२/ १९१९ च्या कायद्याने दिल्लीत दोन सभागृहे आली. कनिष्ठ सभागृहाने १९२५ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांना अध्यक्ष म्हणून स्वतः निवडले. वरिष्ठ सभागृहाला, म्हणजे कौन्सिल ऑफ स्टेटला, तो अधिकार नव्हता. तेथील अध्यक्ष गव्हर्नर जनरल नेमत असे. नागपूरचे सर माणेकजी दादाभॉय १९३३ ते १९४६ या काळात त्या आसनावर होते, तेही अशाच नेमणुकीने.

३/ संविधानाने नेमणूक संपवली. पण सभापती सभागृहातून निवडण्याऐवजी अमेरिकी सिनेटप्रमाणे उपराष्ट्रपतीला ते आसन दिले. तो राज्यसभेचा सदस्य नसतो. समसमान मते पडली, तरच तो निर्णायक मत देतो. सभागृह आपल्या सदस्यांतून निवडते तो उपसभापती (अनुच्छेद ८९).

४/ या दुय्यम भासणाऱ्या पदाचे मोल १९६९ मध्ये कळले. ३ मे रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपतिपदाचा कार्यभार पाहू लागले; त्या काळात सभापतीचे काम त्यांना करता येत नव्हते. २० जुलैला त्यांनी राजीनामा दिला आणि सभापतिपदच रिक्त झाले.

५/ अनुच्छेद ९१ नुसार जबाबदारी उपसभापती व्हायोलेट अल्वा यांच्यावर आली. मुंबईत वकिली केलेल्या अल्वा १९६२ पासून त्या पदावर होत्या. तेथे पोहोचलेल्या त्या पहिल्या महिला. बँक राष्ट्रीयीकरणाचे विधेयक राज्यसभेपुढे आले ते याच रिक्त काळात. ३१ ऑगस्टला गोपाल स्वरूप पाठक उपराष्ट्रपती झाले, तेव्हा आसनाला पुन्हा सभापती मिळाला.

६/ नोव्हेंबरमध्ये अल्वा यांनी पद सोडले; २० तारखेस त्यांचे निधन झाले. डिसेंबरमध्ये राज्यसभेने चंद्रपूरचे बॅरिस्टर भाऊराव खोब्रागडे यांना उपसभापती निवडले. ते सत्ताधारी पक्षाचे नव्हते. बाबासाहेबांच्या विचारांतून उभ्या राहिलेल्या रिपब्लिकन पक्षाचे होते. पुढे १९८६ ते १९८८ या काळात जळगावच्या प्रतिभा पाटील यांनीही हे पद सांभाळले.

७/ व्हाइसरॉयच्या मर्जीने दादाभॉय आसनावर बसले, तर सहकाऱ्यांच्या मतांनी खोब्रागडे. दोघांमधील अंतर जेमतेम चाळीस वर्षांचे. मुख्य आसन आजही बाहेरून येणाऱ्या उपराष्ट्रपतीचे आहे; पण ते रिकामे होते, तेव्हा राज्यसभेचा कारभार तिने स्वतः निवडलेल्या सदस्याच्याच हाती येतो.