ओकचा गाभा आणि आरमाराची घाई

इंग्रजी आरमाराची ओकच्या लाकडावरील निष्ठा जवळजवळ धर्मश्रद्धेच्या तोडीची होती, आणि ती सर्वस्वी निराधार होती असेही म्हणवत नाही. कारण या वृक्षाच्या गाभ्यात टॅनिन हे तुरट द्रव्य विपुल साठलेले असते, त्यातील जुन्या रसवाहिन्या आतून बुजलेल्या असतात, आणि त्यामुळे ओल व तिच्या मागोमाग येणारी बुरशी या दोहोंनाही आत शिरण्यास मज्जाव होतो. हिरड्याच्या काढ्यात हिराकस टाकला म्हणजे जी काळीभोर शाई उतरते, तिचाच सख्खा भाऊ असा निळसर काळा डाग ओल्या ओकमध्ये ठोकलेल्या लोखंडी खिळ्याभोवती उमटतो.

परंतु ही सनद गाभ्यापुरतीच होती. सालीलगतच्या पांढरट थराला तिचा काडीमात्र लाभ नाही. आणि गाभाही ओला असतानाच जहाजाच्या कोंदट पोटात जखडला, तर त्यालाही बुरशी गाठतेच. 1759 साली बांधावयास घेतलेले 'व्हिक्टरी' हे जहाज 1765 साली पाण्यात उतरले. तोवर त्याचा सांगाडा गोदीतच उघडा उभा राहून सावकाश सुकत गेला. हा संथपणा कोणत्याही रसायनाहून मोलाचा ठरला, असे मला वाटते.

अन्यथा काय घडे, हे आरमारखात्याचा कारभारी सॅम्युएल पीप्स याने 1690 साली छापलेल्या पुस्तकात नमूद करून ठेवले आहे : जहाजांच्या पोटातून मुठीएवढी अळंबी त्याने स्वहस्ते खुडली होती! तरीही नेपोलियनशी युद्ध जुंपल्यावर खात्याला वाळलेल्या लाकडाची वाट पाहण्यास सवड उरली नाही, आणि 1810 साली डेप्टफर्डला उतरलेले शंभराहून अधिक तोफांचे 'क्वीन शार्लट' मोहिमेवर निघण्यापूर्वीच कुजू लागले. तेव्हा जेम्स सॉवर्बी या वनस्पतीचित्रकारास, त्यात कोणकोणत्या बुरशा माजल्या आहेत हे पाहण्यासाठी पाचारण करण्यात आले. दोष झाडाचा खासच नव्हता.

त्याच वर्षी मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी सागवानाचे 'मिंडेन' समुद्रात सोडले. सागवान अंगच्या तेलामुळे लोखंडालाही जपते, आणि त्यांचेच 1817 चे 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. 'क्वीन शार्लट'ची मात्र कुजकी अंगे काढून नवी बसवावी लागली. मग 1816 साली अल्जीयर्सवरील तोफांच्या भडिमारात तिने सेनापतीचे निशाण वाहिले, आणि पुढे नाव बदलून कवायतीच्या कामी लावलेली ती म्हातारी 1892 साली मोडीत निघाली.