बालशिक्षण सेविका : प्रशिक्षण व टिकाव (पुणे)

अंगणवाडी, बालवाडी आणि पाळणाघर यांत सहा वर्षांखालील मुलांना सांभाळणाऱ्या व शिकवणाऱ्या स्त्रियांना तयार करणे आणि तयार झालेल्यांना कामात टिकवून धरणे, हा बालशिक्षणातला जुना प्रश्न आहे. पुण्यात त्याची रूपे जागेगणिक बदलतात. अंगणवाडीत बाई वर्षानुवर्षे टिकते, पण तिची पायरी बदलत नाही. खाजगी बालवाडीत ती शिकते आणि निघून जाते.

या प्रशिक्षणाची मराठी परंपरा ताराबाई मोडक यांच्यापासून धरतात. गिजुभाई बधेका यांच्यासोबत १९२६ मध्ये त्यांनी नूतन बालशिक्षण संघ उभारला; १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ मध्ये कोसबाडला काम नेले. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, ही कल्पना याच कामातली. सोबत होत्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावात जन्मलेल्या, हिंगण्याला शिकलेल्या आणि पुण्यात हुजूरपागा शाळेत शिकवून गेलेल्या अनुताई वाघ. महाग साहित्याऐवजी बिया, शंख, पाने हाताशी घेऊन शिकवायचे आणि शिकवणारीही शक्यतो त्याच परिसरातली घ्यायची, हा त्यांचा आग्रह. पुण्यात १९८४ मध्ये सुरू झालेल्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने अंगणवाडीतल्या बालशिक्षणाचे प्रशिक्षण हे आपले एक मुख्य काम मानले.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द सरकारी झाला. शब्द बोर्डी-कोसबाडचा राहिला, कामाचा पसारा मात्र भलताच वाढला. शहरातली अंगणवाडी बहुधा वस्तीतल्या भाड्याच्या खोलीत किंवा समाजमंदिरात भरते. सेविका बडबडगीत सुरू करते तोच आहाराचा डबा येतो. तो उतरवून होतो तोवर कुणी गरोदर बाई नाव नोंदवायला दारात उभी असते. मग वजनकाटा, गृहभेट, लसीकरणाचा दिवस आणि वर मतदारयादी. शाळापूर्व शिक्षणाला उरतो तो वेळ मदतनिशीच्या भरवशावर जातो, आणि प्रशिक्षण मदतनिशीला सगळ्यांत कमी मिळते. बीटच्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटाच्या, मासिक बैठकीत मुलांशी कसे बोलावे यापेक्षा माहिती कुणाची भरायची राहिली यावरच जास्त वेळ जातो. २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ही माहिती भरायला दिलेले सरकारी मोबाइल निकृष्ट म्हणून परत केले. त्यावरच्या पोषण ट्रॅकर या ॲपमधली इंग्रजी हीदेखील त्यांची तक्रार होती.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, तर कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचवली. तेही चालू काम फारसे न थांबवता, मोबाइल आणि दूरचित्रवाणीच्या मदतीने. म्हणजे शिकायचे ते घरी, भाकऱ्या आटोपल्यावर.

टिकण्याचा प्रश्न ‘मानधन’ या एका शब्दात अडकला आहे. सेविका पगारी नाही, मानसेवी आहे, असे सरकार म्हणते. २०२३ मध्ये महाराष्ट्रात सेविकेचे मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये आणि मदतनिशीचे ४,४२५ वरून ५,५०० रुपये झाले. तरीही त्याच वर्षी ४ डिसेंबरपासून राज्यभर संप झाला आणि तो पन्नास दिवसांवर लांबला. पुढच्या वर्षी मानधन पुन्हा वाढले. त्याआधी २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधल्या सेविकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या पीठाने १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा अंगणवाडीलाही लागू असल्याचे ठरवले. संपातही ग्रॅच्युइटीची मागणी होतीच.

खाजगी नर्सरी आणि केजींसाठी महाराष्ट्राने १९९६ मध्ये कायदा केला, पण त्याचा रोख मुलांच्या प्रवेशावर होता, शिकवणारीच्या पगारावर नव्हता. येथे माँटेसरीचा कोर्स केलेली मुलगी वर्षभर अनुभव घेते आणि प्राथमिक शाळेत जागा निघाली की जाते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. जूनमध्ये रडणारे मूल मात्र नव्या बाईपाशी पुन्हा पहिल्यापासून रडते.

बांधकामांवरच्या पाळणाघरांची तऱ्हा आणखी निराळी. दिल्लीत १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी मोबाइल क्रेशेस सुरू केले; पुण्यात हे काम तारा मोबाइल क्रेशेस करते. पन्नासहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या बांधकामावर पाळणाघर हवे, असे १९९६ च्या केंद्रीय कायद्याने घालून दिले होते. येथे सेविका टिकली तरी जागा टिकत नाही. इमारत पुरी झाली की पत्र्याची खोली उतरते, आईबापांबरोबर मुलेही पांगतात. झोळ्या, खेळणी, फळा टेम्पोत चढतो, आणि कालपर्यंत हिंजवडीला जाणारी ताई वाघोलीची बस किती वाजता सुटते ते विचारू लागते.