नसण्याचे मोजमाप

प्रयोगशाळेत आज फायब्रोनेक्टिन हे प्रथिन मोजायचे, तर तयार संच विकत मिळतो: ९६ खळग्यांची प्लास्टिकची तबकडी आणि द्रावणांच्या काही बाटल्या. या संचाचे मूळ शोधताना मी येऊन थांबतो तो एका नकारपत्रापाशी.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांना आढळले, की इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. एवढ्या लहान प्रथिनाविरुद्ध ती होतच नाहीत, असे तेव्हाचे जाणकार मानत. निबंध नाकारला गेला. १९५६ साली तो छापून आला, पण शीर्षकातून ‘प्रतिपिंड’ हा शब्द गाळून. मात्र त्याच प्रतिपिंडाला किरणोत्सारी आयोडीनची जोड देऊन दोघांनी रक्तातले सूक्ष्म अंश मोजण्याची पद्धत उभी केली. तिचे पेटंट त्यांनी घेतले नाही. १९७७ साली यॅलो यांना नोबेल मिळाले. बर्सन १९७२ मध्येच वारले होते.

किरणोत्सारी पदार्थ हाताळणे मात्र सर्वांना शक्य नव्हते. १९७१ साली स्टॉकहोममध्ये एव्हा एंगवाल आणि पीटर पर्लमान यांनी किरणोत्साराऐवजी विकराची खूण वापरली. नेदरलँड्समध्ये शूर्स आणि व्हॅन वीमेन यांनीही स्वतंत्रपणे तेच केले. विकराने रंग उमटतो आणि रंगाच्या गडदपणावरून प्रमाण कळते. हीच ‘एलायझा’.

मला विशेष वाटते ते पुढचे. याच एंगवाल यांनी १९७७ साली एर्की रुओस्लाहती यांच्यासह दाखवले, की फायब्रोनेक्टिन कोलॅजेनला चिकटते. पेशींबाहेरच्या जाळ्यात पेशींना धरून ठेवणारा हा दुवा. रक्तद्रवातले त्याचे रूप १९४८पासून ठाऊक होते. त्याचे काम उमगायला तीन दशके लागली.

गर्भाशयात या प्रथिनाचे एक रूप गर्भवेष्टनाला आतल्या अस्तराशी जोडून ठेवते. १९९१ साली चार्ल्स लॉकवुड आणि सहकाऱ्यांनी मांडले, की मुदतीआधी ते योनिस्रावात मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅमपर्यंत पोचले, तर अकाली प्रसूतीचा धोका वाढतो. ते मोजले होते एलायझानेच.

पण या चाचणीचा खरा आधार नकारात आहे. प्रथिन सापडले, म्हणून प्रसूती लगेच होईलच असे नाही. सापडले नाही, तर पुढच्या आठवडा-दोन आठवड्यांत ती होण्याची शक्यता फार कमी. अकाली कळांनी घाबरलेल्या बाईला घरी पाठवायचे की दूरच्या मोठ्या रुग्णालयात, हा निर्णय असतो. तिथे ‘नाही’ हे उत्तर अनावश्यक औषधे आणि धावपळ वाचवू शकते.

मोजमापाच्या इतिहासात आपण सापडलेल्या गोष्टींची नोंद ठेवतो. या संचाने मात्र ‘नसणे’ही विश्वासाने सांगता येईल इतकी नेमकी नजर दिली. माझ्या मते यॅलो-बर्सन यांच्या गाळलेल्या शब्दाची खरी भरपाई इथे झाली.