विटेपासून विठ्ठलाचे अंतर

वीट कशाकशासाठी वापरता येईल? सर्जनशीलतेच्या चाचण्यांत हा प्रश्न अनेकदा असतो. त्यांची परंपरा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांच्यापासूनची; सर्जनशीलतेचा शास्त्रीय अभ्यास व्हायला हवा, असे त्यांनी १९५० मध्ये ठामपणे मांडले होते.

१९६६ मध्ये ई. पॉल टॉरन्स यांच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांतल्या एकीत मुलांपुढे चित्र ठेवून त्यांनाच प्रश्न विचारायला सांगत. प्रश्न किती, किती तऱ्हांचे, किती अनपेक्षित, हे परीक्षक वाचून ठरवत. काम वेळखाऊ, आणि दोन परीक्षकांचे एकमत होईलच असे नाही.

यंत्राची मदत आली ती आडवाटेने. दूरध्वनी क्षेत्रातल्या बेलकोर या संशोधनसंस्थेत सुसान ड्यूमे, थॉमस लँडॉअर आणि सहकारी हवी ती कागदपत्रे शोधण्याची युक्ती बसवत होते. १९९० मध्ये त्यांनी मांडलेल्या पद्धतीत कोणते शब्द कोणत्या मजकुरात येतात हे मोजून प्रत्येक शब्दाला आकड्यांच्या नकाशावर जागा मिळते. एकाच संगतीत वावरणारे शब्द जवळ, बाकीचे लांब. पुढे वस्तू आणि उत्तर यांतले हेच अंतर नावीन्याचे माप ठरले. अलीकडे इस्राएलमधील टेक्निऑन संस्थेतले योएद केनेट आणि सहकारी यांनी लोकांना नेहमीच्या वस्तूंविषयी कल्पक प्रश्न विचारायला लावले. प्रश्न जितका गुंतागुंतीचा, तितका तो अधिक सर्जनशील, असा संबंध त्यांना दिसला. ही गुंतागुंत मोजायला आता भाषा-प्रारूपेही शिकवली जातात.

पण शब्दांचा हा नकाशा कोणाच्या भाषेतून काढलेला?

‘विटेवर विठ्ठल उभा राहील,’ असे मराठी मूल सहज म्हणेल. इंग्रजी मजकुरावर वाढलेल्या यंत्राला ही झेप अफाट वाटू शकते. पंढरपूर ठाऊक असलेल्याला त्यात नवे काही नाही. उलट, मराठी मुलाची खरी झेप यंत्राच्या नजरेतून सुटण्याचीही भीती आहे. म्हणून मराठीचा स्वतःचा नकाशा हवाच. त्याचा पाया पुण्यात घातला गेला आहे: एल३क्यूब या संशोधनगटाच्या ‘महाकॉर्पस’ या वाक्यसंग्रहाने २०२२ मध्ये सुमारे २.४८ कोटी मराठी वाक्ये खुली केली, सोबत ‘महाबर्ट’ हे भाषा-प्रारूपही.

वाक्ये आली, तरी मुलांचे प्रश्न त्यांत आपोआप येत नाहीत. ते वर्गातच जन्मतात आणि फळ्याबरोबर पुसले जातात. शिक्षकांनी ते मुलांच्याच शब्दांत, चुका न सुधारता, वहीत टिपून ठेवावेत.