‘अस्मिता’ या शब्दाची कुळकथा

आमच्या मंदिर-समितीच्या स्मरणिकेस नाव काय द्यावे, या प्रश्नावर तीन सभा झाल्या. एका पक्षाचे म्हणणे, ‘आपली अस्मिता’ असे मराठी नाव असावे. दुसऱ्याचे म्हणणे, ज्यांच्या घरी कोंकणी बोलली जाते त्यांनी ‘आमची अस्मिताय’ असेच म्हटले पाहिजे. तिसऱ्या सभेत आवाज चढले, दोन कुटुंबांनी वर्गणी परत मागितली, आणि अखेरीस ‘वकिलांनी काय ते ठरवावे’ असे म्हणून सर्वांनी ते लोढणे आमच्या गळ्यात अडकवले. मौज अशी की, ज्या शब्दापायी हे सारे चालले होते त्याच्या अर्थाविषयी दोन्ही पक्षांत पूर्ण एकमत होते. वकिलाची खोड अशी की कोणताही दस्तऐवज हाती आला म्हणजे तो आधी व्याख्येचे कलम शोधतो. ते शोधण्यासाठी आम्ही अफझलगंजात गेलो.

पाचवे निजाम अफझलउद्दौला यांच्या नावाने वसलेल्या या पेठेत, मुसा नदीच्या काठाजवळ, राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची भव्य वास्तू उभी आहे. जुनी मंडळी तिला अजून ‘आसफिया’ म्हणतात. ग्रंथालयाची स्थापना 1891 मधील. आजच्या वास्तूत ते 1936 मध्ये आले. तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू या चार भाषा एका छत्राखाली नांदत असलेल्या संस्थानाचे हे ग्रंथालय. 1956 च्या नोव्हेंबरात संस्थानाची भाषावार वाटणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि येथील मराठी-कोंकणी माणसे येथेच राहिली. म्हणूनच की काय, ‘आपण कोण’ हा प्रश्न आमच्या सभांतून वारंवार उपस्थित होतो.

व्याख्या सापडण्यास वेळ लागला नाही. पतंजलीच्या योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात तिसऱ्या सूत्रात पाच क्लेशांची गणना आहे : अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश. ‘क्लेश’ म्हणजे येथे नुसते दुःख नव्हे. ज्यांच्यामुळे मनुष्य कर्माच्या आणि दुःखाच्या फेऱ्यात अडकून पडतो ती मूळ कारणे. त्यांत अस्मितेचा क्रमांक दुसरा, आणि सहाव्या सूत्रात तिचे लक्षण : पाहणारा पुरुष आणि ज्या बुद्धीच्या द्वारे तो पाहतो ती बुद्धी, ही दोन वेगळी असता एकच आहेत असे भासणे. डोळ्यांवरील चष्म्यालाच ‘मी’ समजावे, तसा हा प्रकार. शब्दाची घडणही सरळ आहे. ‘अस्मि’ म्हणजे ‘मी आहे’. त्यास भाववाचक ‘ता’ लावला की झाले ‘मी-आहे-पण’. सारांश, जे नाव आम्ही स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत छापू पाहत होतो ते योगशास्त्राच्या रोगयादीत दुसऱ्या क्रमांकावर निघाले!

पण एका कलमावर निकाल देणे हे चांगल्या वकिलाचे लक्षण नव्हे. हाच शब्द पहिल्या पादाच्या सतराव्या सूत्रातही येतो, आणि तेथे तो समाधीची एक उंच पायरी दाखवितो. एकाच ग्रंथात एकच शब्द आरोपीच्या पिंजऱ्यातही आणि मानाच्या आसनावरही! आमच्या अधिनियमांत प्रत्येक व्याख्येच्या आधी ‘संदर्भानुसार अन्यथा अपेक्षित नसेल तर’ असे घातलेले असते, ते उगाच नाही. धारच्या भोजराजाने आपल्या ‘राजमार्तंड’ वृत्तीत या ठिकाणी थांबून अहंकार आणि अस्मिता यांतील भेद सांगितला आहे. मन बाहेर वळून ‘मी हे जाणतो’ असे म्हणत विषयांचा वेध घेते तो अहंकार. ते आत वळले, विषय गळून पडले आणि केवळ असल्याची जाणीव उरली, म्हणजे ती अस्मिता. राजकारभार आणि लढाया सांभाळून अकराव्या शतकातील एका राजाने हा भेद मांडावा, याचे आम्हांस फार कौतुक वाटते.

याच भोजाच्या हयातीत एक परका मनुष्य याच सूत्रांशी झुंजत होता. अल्बेरुणीने पातंजल ग्रंथाचे अरबी भाषांतर केले आणि 1030 च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या भारतवर्णनात त्याचा वारंवार आधार घेतला. धारेचा राजा भोज याचा उल्लेखही त्यात आहे. त्या भारतवर्णनाचे अरबी मूळ 1958 मध्ये आमच्याच हैदराबादेत ‘दाइरतुल मआरिफ’ या संस्थेने छापले. आम्हांस अरबी येत नाही. साखाऊ यांच्या इंग्रजी भाषांतरावर आम्ही भागविले. आरंभीच अल्बेरुणी तक्रार करतो की, या भाषेत एका वस्तूला अनेक नावे आणि एका नावाला अनेक अर्थ. मागचेपुढचे धरल्याशिवाय अर्थ हाती लागत नाही. पतंजलीचे भाषांतर करताना त्याने सूत्र आणि टीका एकत्र गुंफून सारा ग्रंथ प्रश्नोत्तररूप केला. त्याला दुसरा मार्गही नव्हता. एकही शब्द त्याच्या ओळखीचा नव्हता. प्रत्येकाला ‘तुझा अर्थ काय?’ असे विचारावेच लागले.

आमची अडचण नेमकी उलट आहे. आम्हांस सारेच शब्द ओळखीचे. ‘अभ्यास’ म्हटले की डोळ्यांपुढे पाटी-दप्तर येते. पतंजलीचा अभ्यास म्हणजे चित्त स्थिर राहावे यासाठी दीर्घकाळ, खंड न पडू देता केलेला प्रयत्न. ‘समाधी’ म्हटले की चौथरा आणि तुळशीवृंदावन. आळंदीस 1296 मध्ये ज्ञानदेवांच्या ठायी अवस्था आणि स्थान एकच झाले. पुढे लोकांच्या बोलण्यात अवस्था मागे पडली आणि दगड उरला. हा शब्द सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेला आहे. 1953 साली सरस्वती अम्माळ यांच्या दाव्यात न्यायालयाने ठरविले की, सामान्य माणसाच्या समाधीच्या पूजेसाठी कायमची मिळकत लावून देणे हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे वैध नाही. साधुपुरुषांची गोष्ट वेगळी.

अस्मितेचा कायापालट मात्र याहून अलीकडचा. ‘आपल्या प्रदेशाची स्वत्वजाणीव’ हा अर्थ तिला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गुजरातीत मिळाला. रणजितराम महेतांनी तो शब्द उचलला आणि कन्हैयालाल मुनशींनी ‘गुजरातची अस्मिता’ असा त्याचा घोष केला. मुनशी मुंबई उच्च न्यायालयातील नामांकित वकील. आणि हेच मुनशी 1948 मध्ये, पोलीस कारवाईपूर्वीच्या त्या धगधगत्या महिन्यांत, भारत सरकारचे एजंट-जनरल म्हणून हैदराबादेत होते. पुढे मराठीतही शब्द रुळला, इतका की ‘मराठी अस्मिता’ हे जोडनाव आता एका दमात उच्चारले जाते. गोव्यात 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल झाला. 1,72,191 मते वेगळ्या संघप्रदेशाकडे आणि 1,38,170 महाराष्ट्रातील विलीनीकरणाकडे पडली. तो दिवस आता ‘अस्मिताय दीस’ म्हणून पाळला जातो. त्या कौलात आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे आजे-पणजे परस्परविरुद्ध बाजूंस उभे होते. त्यांपैकी कोण बरोबर होते, हे सांगण्याचे वकीलपत्र आम्ही घेतलेले नाही.

शब्दाने अर्थ बदलला याबद्दल आम्ही त्यास शिक्षा ठोठावणार नाही. ज्यांची भाषा, ज्यांची दैवते दुसऱ्यांनी हिणवली त्यांना ताठ उभे राहण्यास एखादा शब्द लागतो. प्रश्न आहे तो ‘आपली’ आणि ‘आमची’ यांचा. पहिल्या पादाच्या नवव्या सूत्रात ‘विकल्प’ नावाची एक वृत्ती सांगितली आहे : शब्द आहे, ऐकणाऱ्याला काहीतरी समजतेही, पण त्यामागे तशी वस्तू नाही. तेथे व्यासभाष्यात षष्ठी विभक्तीचा दाखला आहे. ‘चैत्राची गाय’ म्हटले तर चैत्र वेगळा आणि गाय वेगळी. पण ‘पुरुषाचे चैतन्य’ म्हटले तर पुरुष हाच चैतन्य, मग कोणाचे काय? आम्ही तीन सभा मालकीहक्कावर भांडलो, आणि ‘मी-आहे-पणा’चा मालक त्या ‘मी’हून वेगळा दाखविता येईल का, हे कोणीच विचारले नाही.

हे सारे टिपण करून आम्ही चौथ्या सभेत वाचले. दोन्ही पक्ष शांतपणे ऐकत होते. पटले म्हणून की कंटाळले म्हणून, ते कळले नाही. मागच्या रांगेत ऐंशी उलटलेल्या एक आजी बसल्या होत्या. वाचन संपल्यावर त्यांनी विचारले, “वकीलमाम, अस्मिताय म्हळ्यार कितें?” आम्ही पुन्हा द्रष्टा आणि बुद्धी येथून आरंभ केला, तेव्हा त्यांनी हाताने थांबवून, प्रसादाला उशीर होत असल्याचे सर्वांच्या लक्षात आणून दिले.

स्मरणिका देवाचे नाव आणि वर्ष एवढेच छापून निघाली. वर्गणी परत मागणाऱ्या दोन कुटुंबांपैकी एक परत आले. दुसरे अद्याप आलेले नाही. आत कुटुंबांची यादी आहे आणि तीत ‘मातृभाषा’ असा रकाना आहे. तो ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे भरला. आमच्या घरच्या नोंदीत आमच्या नावापुढे मराठी आहे आणि मातोश्रींच्या नावापुढे कोंकणी.