हैदराबाद : बागा गेल्या, नावे उरली

मुहम्मद कुली कुतुबशाहाने 1591 मध्ये हैदराबाद वसवले. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हर्निए याने या शहराचा उल्लेख ‘बागनगर’ असा केला आहे. हे नाव बागांवरूनच पडले, असे काही इतिहासकार मानतात.

बशीरबाग, जामबाग, बाग लिंगमपल्ली ही नावे आजही पत्त्यांत आहेत. जागेवर मात्र दाट वस्ती आणि बाजार आहेत. नामपल्लीची ‘बाग-ए-आम’ टिकली. पण 1913 मध्ये पूर्ण झालेला टाऊन हॉल, म्हणजेच पुढचे विधानसभागृह, तिच्याच भूमीवर उभा राहिला.

बागेचे खरे मोल 28 सप्टेंबर 1908 रोजी कळले. मुसी नदीच्या महापुरात हजारो माणसे दगावली. अफजलगंजच्या बागेतील एका चिंचेवर चढून सुमारे दीडशे जण वाचले, असे सांगतात. त्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय बांधण्यात आले आणि नदीकाठ सुधारण्याची योजना आखली गेली.

सारांश, बाग ही केवळ शहराची शोभा नव्हे, तर संकटकाळचा आसराही आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या मोहल्ल्याच्या नावातील ‘बाग’ कोठे गेली याचा शोध घेतला, तर शहराचा इतिहास त्यांना पुस्तकाबाहेरही वाचता येईल.